एच्चूतल्या कविता संपेपर्यंत

ताकाओका

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं तर आई गप्प झाली असती आणि बाबांनी "बरं बरं, तुझं तू बघ" म्हणून विषय मिटवला असता. म्हणून लिहिते. इथलं कवितांच्या अनुवादाचं काम तीन वर्षांनी वाढवून घेतलं आहे. सही झाली. पूर्ण वाचल्याशिवाय ताईआत्याला फोन लावू नका.

बाबा, तुमचा प्रश्न ठाऊक आहे. पावणेतेराशे वर्षांपूर्वीचा कवी, कविता छापलेल्या, मग ठाण्याला बसून मराठी का होत नाही? मान्योशू या जुन्या जपानी काव्यसंग्रहाच्या वीस खंडांत साडेचार हजार कविता आहेत, त्यातल्या 473 एकट्या ओतोमो नो याकामोचीच्या. हा दरबारी घराण्यातला माणूस 746 साली राजधानी नारा सोडून एच्चू प्रांताचा सुभेदार म्हणून इथे आला आणि 751 साली परत गेला. तेवढ्यात 223 कविता! शेवटचे चार खंड तर त्याच्या रोजनिशीसारखेच आहेत: महिना, तिथी, कोणाकडे मेजवानी, काय बघून सुचलं, सगळं नोंदलेलं. पण पंचांग चांद्र. तिसरा महिना म्हणजे मार्च धरला की ऋतूच चुकतो. 750 साली तिसऱ्या महिन्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने काताकागोच्या फुलावर लिहिलं. देवळाच्या विहिरीवर पोरींची पाण्यासाठी झुंबड उडाली आहे आणि काठाशी ही फुलं आहेत, एवढीच कविता. तो दिवस आपल्या एप्रिलच्या मध्याजवळ पडतो, आणि इथे ते फूल तेव्हाच येतं. जांभळट गुलाबी, मान खाली घातलेलं. ऊन पडलं की पाकळ्या मागे वळतात, ढग आले की मिटतात. बी रुजल्यापासून पहिलं फूल यायला सात-आठ वर्षं लागतात. अख्ख्या मान्योशूत ते या एकाच कवितेत आहे. फोटोवरून मी त्याला "डोलणारं" लिहून मोकळी झाले असते.

दुसरी अडचण लिपीची. तेव्हा जपानीला स्वतःची अक्षरं नव्हती, चिनी चिन्हंच वापरायचे. शेवटच्या चारांपैकी तीन खंडांत बहुतेक ठिकाणी एका चिन्हाला एक उच्चार, त्यामुळे वाचन सुटतं. एकोणिसाव्या खंडात मात्र चिन्हं बऱ्याचदा अर्थासाठी येतात, उच्चार आपण ठरवायचा, आणि तिथे पंडितांचंही एकमत नाही. तिथे प्रत्येक ओळीला कोणाला तरी विचारावं लागतं. ती माणसं इथे आहेत.

आई, आता तुझ्यासाठी. याकामोचीचे वडील ताबितो 731 साली गेले. घर सांभाळलं त्याच्या आत्याने, साकानोउए नो इरात्सुमेने. ती स्वतः मोठी कवयित्री, आणि पुढे त्याची सासूही झाली. तिची मुलगी नवऱ्यामागे इकडे आली. 750 च्या वसंतात त्या मुलीने नवऱ्याला गळ घातली, आईला पाठवायला कविता करून दे. त्याने दिली, तिच्या तोंडची. पाचव्या महिन्यातला पक्षी, नारंगीच्या फुलांचा वास, सकाळ-संध्याकाळ तुझा आवाज कानावर नाही, मी दूर देशी डोंगरावरच्या ढगांकडे बघत बसते. आणि शेवटी: समोरासमोर भेटेपर्यंत पाइनसारखी हिरवीगार राहा. आता गंमत बघ. याकामोचीनेच तीन वर्षं आधी नोंदवलंय की एच्चूत नारंगीची झाडं विरळाच, आणि उन्हाळा लागला तरी तो पक्षी ओरडत नाही. म्हणजे ती फुलं इथली नसावीत. मला वाटतं, आईला ओळखीचं काहीतरी दिसावं म्हणून त्याने राजधानीतला वास आणून घातला.

त्याच वर्षी आईचीही कविता आली. समुद्राचा देव पेटीत जपून ठेवतो त्या मोत्यांहून तुला जास्त जपलं, तू गेल्यापासून तुझ्या भुवया सारख्या डोळ्यांपुढे येतात, माझं आता वय होत चाललंय, हे झेपेल का मला? हे वाचून सही करायला मला जड गेलं, एवढंच सांगते. पण तीच बाई ही कविता करून पाठवते, मुलीला परत बोलावत नाही. तू तसं म्हणणार नाहीस ना?

याकामोची स्वतः इथे आला आणि दोन महिन्यांत धाकटा भाऊ फुमिमोची गेल्याची बातमी आली. पुढच्या वसंतात तो अंथरुणाला खिळला. त्या आजारातल्या दीर्घ कवितेत पहिली आठवण आईची आहे, ती वाट बघत असेल म्हणून. 755 साली नानिवा बंदरात सीमेवर निघालेल्या शिपायांच्या कविता त्यानेच गोळा केल्या. आल्या 166, त्याने ठेवल्या 84, बाकीच्या सुमार म्हणून गाळल्या. ठेवल्या त्यांची गावाकडची बोली मात्र सुधारली नाही. त्यातला एक सुरुगा प्रांताचा शिपाई लिहितो: आईबापांनी डोक्यावरून हात फिरवून "सुखरूप राहा" म्हटलं, ते विसरता येत नाही. रविवारी तेल लावताना तू उगीच जास्त वेळ चोळायचीस, ते मला कळायचं गं.

पुढचं बाबांनीच वाचावं. 759 च्या नववर्षाच्या कवितेनंतर त्याची एकही कविता हाती नाही. 785 साली तो गेला आणि पुरायच्या आतच त्याच्यावर खुनाच्या कटाचा ठपका आला. पद काढून घेतलं, मुलाला हद्दपार केलं. 806 साली पद परत मिळालं, मेल्यावर एकवीस वर्षांनी.

आता माझी काळजी. 2024 च्या भूकंपात इथल्या फुशिकी भागात जमीन पाण्यासारखी झाली, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंत. मी तिथे राहत नाही. याकामोचीची कचेरी तिथे होती, म्हणून फक्त जाते. बर्फ पडतो, पण रस्त्यात बसवलेल्या नळ्यांतून जमिनीतलं पाणी सोडून तो वितळवतात. भात उत्तम मिळतो, तूरडाळ पोस्टाने येते, हीटर चांगला आहे. लोकरीची टोपी घालते. खरंच घालते.

तुम्ही काय करायचं ते ऐका. आई, डोळ्यांचे थेंब आठवड्यात संपतात म्हणजे तू दोन-दोन घालतेस. एकच घाल, आणि दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन माझ्यासाठी थांबवू नकोस. तरी शक्य झालं तर मे महिन्यातली तारीख घ्या, मी तीन आठवडे येते, तिकीट काढते. बाबा, स्टुलावर चढून माळ्यावरचं काही काढायचं नाही. बीपीची गोळी सकाळी, चहानंतर नाही, आधी. मामांचा विषय मी आल्यावर.

सोबत पहिल्या चाळीस कवितांचा मसुदा आहे. बाबा, लाल पेनाने हवं ते खोडा, पण यमक जुळवू नका. मुळात यमक नाही, फक्त पाच-सात-पाच-सात-सात अशी अक्षरमोजणी आहे, आणि मी मराठीत तीही ओढूनताणून बसवलेली नाही. तारखा बदलू नका. आईला मोठ्याने वाचून दाखवा, जिथे ती "हे काय?" म्हणेल तिथे खूण करा.

तुमची,
चिमी