ट्राउटची नदी नाताळात बंद असते

मा. संपादक,
स. न.

नाताळच्या सुट्टीत ठाणे-नवी मुंबईहून अनेक कुटुंबे कुलूकडे निघतात. तिथे तीर्थन नदीवर ट्राउट (थंड पाण्यातला मासा) पकडायला नेतो असे कोणी म्हणाले, तर कृपया जाऊ नका. हिमाचलात ट्राउटच्या नद्यांवर १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर मासेमारीला बंदी असते.

हे दिवस ब्राउन ट्राउटच्या विणीचे. मादी शेपटीने तळाची खडी उकरून खळग्यात अंडी घालते आणि वर पुन्हा खडी लोटते. पाणी ५ अंशांचे असेल तर पिल्ले फुटायला अडीच-तीन महिने लागतात, आणि पुढेही काही आठवडे ती खडीतच दडलेली असतात. वरून कोणाचा बूट पडला की संपले! म्हणून मार्चमध्ये गेलात तरी तळाला आजूबाजूपेक्षा उजळ, धुऊन काढल्यासारखी खडी दिसली की तिथे पाय ठेवू नका. गळापेक्षा बुटांनी होणारे हे नुकसान जास्त वाईट, कारण ते कोणाला दिसत नाही.

मार्चमध्ये परवाना काढून जरूर जा. पाणी तेव्हाही गारच असते, मासा सुस्त असतो आणि संथ, खोल डोहात तळाशी बसतो. पहाटे उठण्यात अर्थ नाही. अकरा ते तीन हीच वेळ. ९ फुटी, ५ वेटची (५ नंबर वजनाच्या लाइनसाठीची) रॉड, तरंगणारी लाइन (फेकायची दोरी), टोकाला ०.१५ मिमी दोरा आणि मणी लावलेला १६ नंबरचा निम्फ (पाण्यातल्या किड्याच्या अळीसारखा बनवलेला छोटा गळ) एवढे पुरते. निम्फ प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकावा आणि पाण्याच्याच वेगाने तळालगत वाहू द्यावा. बहुतेकांचे चुकते ते इथेच: मधल्या जोराच्या धारेत लाइनला पोट येते (बाक पडतो), निम्फ ओढला जातो आणि मासा तोंड फिरवतो. लाइन पडताक्षणी ते पोट उचलून वरच्या बाजूला टाकावे. रॉडच्या कड्यांत बर्फ धरला तर ठोकू नका, टोक मोडते. रॉड पाण्यात बुडवा.

गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा. मासा ओल्या हातांनीच धरावा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. फोटोसाठी १० सेकंदांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये.

लाइन फेकण्याचा सराव तोवर इथल्या मैदानातही होतो. गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधावा.

– गळाने मासेमारी करणारे काही वाचक, नौपाडा, ठाणे