पाट्यांवर सायंटिफिक नाव टाकायचंच!

प्रिय मंद्या,

शाळेतल्या झाडांना पाट्या लावताय हे वाचून फार बरं वाटलं, पण तू जे विचारलंयस ना, की सायंटिफिक नाव टाकायचं का, पोरांना लॅटिन कुठे कळणार, त्याचं उत्तर मेसेजमध्ये मावेना म्हणून हे पत्र. टाकायचंच. आणि खाली एका ओळीत त्या नावाचा अर्थही लिहायचा, कारण नावात कोण माणूस आहे, कुठलं गाव आहे हे कळलं की ते लॅटिन परकं वाटत नाही.

पळसापासून सुरू कर. ब्युटिया मोनोस्पर्मा. मोनोस्पर्मा म्हणजे एका बीचा, पोरांना पळसाची शेंग हातात दे, चपटी लांब शेंग आणि टोकाला एकच बी, नाव तिथेच पटतं. ब्युटिया हे अर्ल ऑफ ब्यूटवरून, हा माणूस १७६२-६३ मध्ये ब्रिटनचा पंतप्रधान होता, बॉटनीचा प्रचंड नाद, पण आपलं फुललेलं पळसाचं रान बघायला काही तो इकडे आला नव्हता. ताम्हणाचंही तसंच. आपलं राज्यफूल, आणि प्रजातीचं नाव, म्हणजे दोनातला पहिला शब्द, लॅगरस्ट्रोमिया, स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीतल्या लॅगरस्ट्रोम नावाच्या माणसावरून, का तर तो वनस्पतीशास्त्रज्ञ लिनियसचा दोस्त होता आणि त्याला पूर्वेकडचे नमुने मिळवून द्यायचा. आपटा मला सगळ्यात आवडतो. बाउहिनिया रेसिमोसा. बाउहिन नावाचे दोन सख्खे भाऊ, दोघेही वनस्पतीशास्त्रज्ञ, आणि पान बघ, दोन भाग एकमेकांना चिकटलेले! दसऱ्याला आपण सोनं म्हणून वाटतो ती ही भावांची जोडी, हे पोरांना नक्की सांग.

चिंचेच्या पाटीला जरा मोठी जागा ठेव. टॅमरिंडस इंडिका, टॅमरिंडस अरबी तमर-हिंदीवरून, म्हणजे हिंदुस्थानी खजूर, वर पुन्हा इंडिका, म्हणजे एकाच नावात दोनदा भारत, आणि झाड मूळचं आफ्रिकेतलं. अरबांना ती आपल्याकडून मिळाली म्हणून आपली झाली. नाव म्हणजे झाडाची जन्मपत्रिका नव्हे, ते नाव ठेवणाऱ्याला काय ठाऊक होतं ते सांगतं, एवढं पोरांना कळलं तरी खूप झालं.

कोकमाबद्दल पुष्कळांचा घोळ होतो. गार्सिनिया इंडिका म्हटलं की वाटतं हे गार्सिया द ऑर्ताचं नाव, ज्याने १५६३ मध्ये गोव्यात औषधी वनस्पतींवर पुस्तक छापलं. पण नाही, ते लॉरेंट गार्सिन या डॉक्टरचं आहे, तो डच कंपनीच्या जहाजांवरून पूर्वेकडे गेला होता, त्याने मँगोस्टीन या फळझाडाचं वर्णन केलं, म्हणून ती प्रजाती त्याच्या नावे झाली आणि कोकमही त्याच घरात आलं.

दोन शब्दांची ही पद्धत लिनियसने १७५३ मध्ये पक्की केली हे तुला माहितीये, पण त्याच्या टेबलावर आपल्या भागाची माहिती पोचली कशी ते मला तुला सांगायचंय, कारण ते कुणी सांगत नाही. कोचीनचा डच गव्हर्नर व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंड काढले, हॉर्टस मलबारिकस, १६७८ ते १६९३ मध्ये ॲमस्टरडॅमला छापले, लिनियसने त्यांचा भरपूर आधार घेतला. झाडांची ओळख आणि औषधी उपयोग सांगणारे होते इट्टी अच्युतन हे वैद्य आणि तीन कोकणी माणसं, रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट. या तिघांचं प्रमाणपत्र पहिल्या खंडात आहे, नागरी लिपीत, कोकणीत! सतराव्या शतकात ॲमस्टरडॅमला नागरी अक्षरं उमटली, झाडांमुळे. मला विचारशील तर या चौघांच्या नावाची एक वेगळी पाटी बागेच्या दारातच लाव, ब्यूटसाहेबाच्या आधी.

आपल्या भाषेतले शब्दही लॅटिनमध्ये गेलेत रे. सोनचाफ्याच्या नावातलं चंपाका हा आपला चंपकच. करवी तर बघ, जिच्या कुडाच्या भिंती असतात आणि जी सात-सात वर्षांनी फुलते, तिच्यासाठी ब्रेमेकँप नावाच्या शास्त्रज्ञाने १९४४ मध्ये कार्विया अशी वेगळी प्रजातीच केली, थेट मराठी शब्दावरून. आता तिला परत स्ट्रोबिलँथस या जुन्या प्रजातीत टाकतात, शास्त्राच्या दृष्टीने बरोबर असेल, पण मला अजून वाईट वाटतं. सफेद मुसळी आहे क्लोरोफायटम बोरिव्हिलिॲनम, मुंबईची बोरिवली बरं का, सांतापाव आणि फर्नांडिस या वनस्पतीशास्त्रज्ञांनी ठेवलेलं नाव.

शिवनेरीच्या कड्यावर शिंदळ माकुडी उगवते, तिला डाल्झेल या वनस्पतीशास्त्रज्ञाने फ्रेरिया इंडिका नाव दिलं, मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रेअर याच्यावरून. शिवरायांच्या जन्मस्थानी वाढणारं फूल आणि त्याच्यावर गव्हर्नरचं नाव, हे मला कायम खटकायचं. आता प्रजाती बदलून बुसेरोसिया फ्रेरी झालंय, म्हणजे फ्रेअर आहेच. पण २०२३ मध्ये विशाळगडावर सापडलेल्या नव्या कंदीलपुष्पाचं नाव आपल्याच अभ्यासकांनी सेरोपेजिया शिवरायियाना ठेवलं. सेरोपेजिया म्हणजे मेणाचं कारंजं, फुलाचा आकार पाहिलास की कळेल. याच सेरोपेजियांत नाशिकजवळच्या अंजनेरीवरून अंजनेरिका आहे, पुण्याच्या महाबळे सरांवरून महाबलेई आहे. हे वाचताना माझा ऊर खरंच भरून येतो. जुनी नावं पुसा असं मी म्हणत नाही, नियमाने ती सहजी बदलतही नाहीत, पण पुढची नावं कोण ठेवणार ते तुझ्या वर्गातली पोरं ठरवतील.

बाकी, पाट्या रंगवायला देण्याआधी यादी पाठव, स्पेलिंग बघून देतो, पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल आणि दुसरा शब्द पूर्ण स्मॉल, पेंटर हमखास चुकतात. आणि झाडांना खिळे ठोकू देऊ नकोस, समोर लोखंडी सळईवर पाटी उभी करा. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुध्या