गेटवेवरच्या फोटोवाल्या काकांना

काका, नमस्कार.

तुमचं नाव मला ठाऊक नाही, म्हणून हे जाहीर आभार. गळ्यात कॅमेरा आणि हातात नमुन्याचे फोटो घेऊन तुम्ही गेटवे ऑफ इंडियासमोर उभे असता. माझ्या पाचवीतल्या लेकीने कमानीवरचा लेख वाचताना ‘किंग जॉर्ज व्ही’ म्हटलं आणि तुम्ही म्हणालात, ‘व्ही नाही बेटा, पाचवा जॉर्ज.’ तिचा चेहराच पडला. रोमन आकड्यांचा तिने धसका घेतला होता.

त्याला कारण तिच्या क्लासचे सर. आमच्या भिंतीवरच्या घड्याळात चारच्या जागी चार आय आहेत, तसंच तिने वहीत लिहिलं. सरांनी लाल फुली मारून वही वर्गभर दाखवली. ४९ म्हणजे ५० ला एक कमी, मग पन्नासच्या एलच्या आधी आय का चालत नाही, असं विचारलं तर म्हणाले, ‘पाठ कर, डोकं चालवू नकोस.’ गणिताच्या क्लासात हे उत्तर! आणि फी मात्र आगाऊ.

तुम्ही उकिडवे बसलात, तिच्या उंचीला आलात. तिला एक डोळा मिटायला लावून, तळहाताआड कमानीवरच्या सालाची रोमन अक्षरं झाकून एकेक उघडायला सांगितलंत. एम हजार. मग सी आणि एमची जोडी, शंभराचा सी हजाराच्या एमच्या आधी, म्हणून वजा, नऊशे. एक्स दहा, आय एक. ‘१९११!’ ती ओरडलीच. कमान पुरी झाली १९२४ साली, वर कोरलंय ते राजाराणी इथे उतरले ते साल, हेही तुम्हीच सांगितलंत.

मध्येच एक गिऱ्हाईक हाका मारू लागलं. मान वर न करता तुम्ही म्हणालात, ‘थांबा जरा, या पोरीचं होऊ दे आधी.’

काका, हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. प्रत्येकाच्या हातात मोबाइल आल्यापासून एकेका फोटोसाठी तुम्हाला किती फिरावं लागतं, ते दिसत होतं. तरी तुम्ही गिऱ्हाइकाला थांबवलंत. ‘हिचं होऊ दे’ असं तिच्यासाठी कुणी म्हटलंच नव्हतं.

मग ४९ ही सुटलं. आय फक्त व्ही आणि एक्सच्या आधी बसतो, एक्स फक्त एल आणि सीच्या. म्हणून आधी चाळीसचं एक्सएल, मग नऊचं आयएक्स. ‘तुझं घड्याळही खोटं नाही,’ असं तुम्ही म्हणालात ते अगदी खरं. रोमच्या कलोसियमच्या ४४ क्रमांकाच्या दारावर एक्सएलपुढे चार आयच कोरलेले आहेत. शाळेत चारला आयव्ही लिहायचं, हे कबूल. पण ते प्रेमाने सांगता येतं.

ना ओळख, ना पैशाची अपेक्षा. अशी माणसं या शहरात आहेत म्हणून पोरांना घेऊन बाहेर पडावंसं वाटतं.

सध्या ती घरातल्या सगळ्यांची जन्मसालं रोमनमध्ये लिहिते आहे. तुमचंही हवंय तिला. विचारायला येणार आहोत.

तुमची आभारी,
त्या पोरीची आई