चौथीच्या बाईंना, दुसऱ्या शनिवारबद्दल

बाई, हे तुम्हाला समोर सांगायचं ठरवलं होतं पण गेटवर गर्दीत राहून जातं, म्हणून इथेच लिहिते.

जुलैत पावसामुळे दोन दिवस शाळा बंद होती, त्याची भरपाई म्हणून दुसऱ्या शनिवारी शाळा भरणार असा गुरुवारी रात्री ग्रुपवर मेसेज आला, आणि आमचं भोरला जायचं सगळं ठरलेलं. लेक रडून झोपला. मीही चिडले होते, खरं सांगते. तुमचीही सुट्टी गेलीय हे माझ्या तेव्हा डोक्यातच आलं नाही.

आणि तुम्ही काय केलंत, तर फळ्यावर लिहिलंत, 'सुट्टी पावसाने दिली होती, आज तास पावसाचाच'. मुलांकडून कोल्ड्रिंकच्या बाटल्यांचं पर्जन्यमापक करून घेतलंत, वरचा भाग कापून उलटा बसवायचा, तळाला खडे, खड्यांच्या वरपर्यंत पाणी भरून तिथे शून्याची खूण. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर 1 लिटर पाणी, हे मला इतक्या वर्षांत कुणी असं सांगितलंच नव्हतं! लेकाने घरी येऊन आमच्या गच्चीचा हिशोब मांडला, 100 चौरस मीटर, 50 मिलिमीटर पडला तर 5000 लिटर. पुण्यातल्या शिमला ऑफिसला शिमला का म्हणतात तेही त्यानेच सांगितलं, हवामान खात्याचं मुख्यालय 1928 साली शिमल्याहून पुण्याला आलं म्हणून. मी रोज त्या चौकातून जाते हो.

पण सगळ्यात जास्त आभार आमच्या सासूबाईंना बोलावलंत त्याचे. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं तेव्हा त्या आठ वर्षांच्या, नारायण पेठेत राहायच्या, आणि घरी हा विषय निघाला की त्या उठून आत जातात. वर्गात मात्र तासभर बोलल्या. भांडी, गाद्या, आईचं शिलाई मशीन सगळं गेलं, आणि शहराला पाणी देणारं खडकवासलाही फुटल्यामुळे पूर ओसरल्यावर नळाला पाणीच नाही, चिखलातून वाड्याच्या विहिरीवर रांग लावायची. एका मुलीने विचारलं, आजी तुमची वह्यापुस्तकं पण गेली का, तर त्यांच्या डोळ्यात पाणी आलं म्हणे, आणि तुम्ही काही न बोलता त्यांच्या शेजारी जाऊन बसलात. हे मला लेकाने सांगितलं, त्याच्या हे लक्षात राहिलं.

घरी आल्यावर सासूबाईंनी मला त्या मशीनबद्दल अजून बरंच सांगितलं. पहिल्यांदाच.

भोरला आम्ही पुढच्या रविवारी जाऊन आलो. बाटली सोबत नेली होती. आता रोज सकाळी बरोब्बर साडेआठला, हवामान खात्याच्या वेळेला, आजी-नातू दोघं गच्चीवर जातात, तो वाकून आकडा वाचतो आणि त्या कॅलेंडरवर लिहितात. आज 14.

मनापासून आभार, बाई.