गारठा सोसणाऱ्या बायकांचंही ऐका

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत बर्फाच्या पाण्यात डुंबण्यावरचा लेख वाचला. पाळी जाण्याच्या वयात गार पाण्याने अंगातल्या वाफा (म्हणजे अंगातून अचानक उठणारी आग) आणि जिवाची घालमेल कमी होते, असं त्यात म्हटलं आहे. आधार दिलाय तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने 2024 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीचा. माझ्या मुलीने ती शोधून मला समजावून सांगितली. थंड पाण्यात पोहणाऱ्या 1,114 बायकांना प्रश्न विचारले होते, त्यातल्या 785 जणी या टप्प्यातल्या. जवळपास निम्म्या जणींनी घालमेल कमी झाल्याचं सांगितलं, वाफा कमी झाल्याचं साधारण 30 टक्के जणींनी. त्यांचा अनुभव मी खोटा म्हणत नाही. पण त्या सगळ्या मुळात हौसेने पोहणाऱ्या, नको वाटलं की पाण्याबाहेर येणाऱ्या. पगारासाठी गारठा सोसणाऱ्या बायकांचा त्या लेखात उल्लेखही नाही, म्हणून हे पत्र.

मी 46 वर्षांची. ठाणे-बेलापूर रस्त्यावर फ्रोझन मालाच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे. मटार, मका, पराठे असा माल. तो ठेवायची खोली उणे 18 अंशांवर असते. आत जाताना जॅकेट, हातमोजे, कानटोपी घालतो. खोके मोजता मोजता मध्येच छातीतून आग उठते, मान, कान, टाळू तापते. जॅकेटची चेन उघडावी तर समोर पंख्याचा बर्फाळ झोत, न उघडावी तर आतला पॉलिएस्टरचा टी-शर्ट पाठीला चिकटतो. दोन-चार मिनिटांत वाफ ओसरते आणि मग तोच ओला कपडा गार पडतो. दात वाजायला लागतात, बोटांना खोक्याची पट्टी धरवत नाही.

विमा दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी याचं कारण सांगितलं. शरीराचं तापमान सांभाळणारा भाग मेंदूत असतो. इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांच्या शरीरातलं संप्रेरक, खाली-वर व्हायला लागलं की तो हळवा होतो. एरवी अंगाला कळतही नाही एवढ्याशा उष्णतेने घाम फुटतो आणि घाम जरा जास्त आला की लगेच हुडहुडी भरते. आपल्याकडे पाळी सरासरी 46-47 व्या वर्षी थांबते, त्याआधीच काही वर्षं हे सुरू होतं. बीपी किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्या बाईने विचारल्याशिवाय बर्फाच्या पाण्यात उतरू नये, असंही त्या म्हणाल्या. गारठ्याच्या पहिल्या धक्क्यातच श्वास वाढतो, ठोके वाढतात, रक्तदाब चढतो. लेखात हे ठळक छापायला हवं होतं.

गाडी भरायची असली की त्या खोलीतून आम्ही थेट पत्र्याच्या शेडखाली येतो. एप्रिल-मे महिन्यात इथला पारा विदर्भाइतका चढत नाही, पण खाडीच्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानात उन्हाने माणसं दगावली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. अशा हवेत जॅकेट काढून दोन मिनिटं टेकलेली बाई कामचुकार ठरते. माझ्या एका मैत्रिणीला “झेपत नसेल तर घरी बसा” असं ऐकवलं गेलं. तेव्हापासून आम्ही सगळ्या “पित्त झालंय” म्हणून सांगतो, कारण पित्ताला कोणी पुढे काही विचारत नाही.

आम्हाला हवं ते फार मोठं नाही. आत घालायला सुती कपडे, आणि भिजले तर बदलायला दुसरा जोड. थंड खोली आणि शेड यांच्या मधल्या पॅसेजमध्ये खुर्ची, आणि अंग हवेला सरावेपर्यंत तिथे बसायची मुभा. उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय द्या, हे 1948 च्या कारखाने कायद्यातही लिहिलेलं होतं. संडास जवळ हवा. या वयात रक्तस्राव कधी अचानक, कधी भरपूर होतो, आणि संडास लांब म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. उन्हाळ्यात हे जिवावर बेतू शकतं.

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता, म्हणजे कामगारांसाठीचे नवे कायदे, लागू झाल्या. त्यांनुसार चाळिशीपुढच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी मालकाने करून द्यायची आहे. त्या तपासणीत वजन, साखर, बीपी यांच्याबरोबर पाळीबद्दलही विचारलं जावं, आणि ते विचारणारी बाई असावी. वाफांचा त्रास असेल तिला तो असेपर्यंत लेबलिंगसारखं बाहेरचं काम द्या, असं डॉक्टरांना लिहून देता यावं. आणि थंड खोलीत काम करण्याचा भत्ता त्यापायी कापला जाऊ नये. तो जाईल या भीतीनेच बायका बोलत नाहीत.

— एक महिला कामगार, दिघा, नवी मुंबई
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)