ओंकारसाठी शब्द टाकण्याआधी

मिरज, रविवार

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "शोभाचा ओंकार बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे, तुझ्या कंपनीत त्याच्यासाठी एक शब्द टाक, पोराचं कल्याण होईल." मी "बघतो" म्हणून वेळ मारून नेली. तुम्ही जन्मभर पोरांचे पेपर तपासलेत, ते उत्तर कोरं आहे हे तुम्हाला कळलंच असणार. फोनवर मला हे सगळं बोलणं जमत नाही, मध्येच आई "जेवलास का" विचारते, म्हणून लिहितोय. भाच्यासाठी शब्द टाकायला हरकत नाही. पण ज्या नोकरीत त्याला घालायचं म्हणताय तिच्यातलं बरंच मी घरी कधी बोललो नाही. ते आधी ऐका.

1996 साली मी एमआर, म्हणजे डॉक्टरांना कंपनीची औषधं समजावून सांगणारा मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणून लागलो तेव्हा तुमचा पाचवा वेतन आयोग अजून हातात पडला नव्हता. माझा पगार, वर टीए-डीए, मिळून पहिल्याच महिन्यात तुमच्या बरोबरीला आलो. आईने पेढे वाटले. तुम्ही बी.एड.चा फॉर्म आणून ठेवला होता, तो तुम्हीच परत कपाटात टाकलात आणि म्हणालात, "मास्तरकीत काय ठेवलंय आता." त्यात तुमची काही चूक नव्हती. टाय लावून, चामड्याची बॅग घेऊन, डॉक्टरांशी इंग्रजीत बोलणारा मुलगा मंगळवेढ्याच्या आपल्या गल्लीत दुसरा कुठे होता?

या धंद्याची खोच तिथेच आहे. पगार सुरुवातीला चांगला वाटतो आणि माणसाची किंमत पुढे पुढे उतरत जाते. तुमच्या शाळेत जुना शिक्षक म्हणजे वजनदार माणूस. आमच्यात जुना एमआर म्हणजे महागडा माणूस. मी जे बोलतो तेच बोलायला निम्म्या पगारात बावीस वर्षांचा पोरगा मिळतो, आणि आता टॅबवर चित्रं आपोआप सरकतात, त्यामुळे पाठांतरसुद्धा लागत नाही.

मग इतक्या वर्षांत मी कमावलं काय? ओळख. जतच्या डॉक्टरांना दुपारी दोननंतर भेटावं, कवठेमहांकाळच्या बाईंना चहाच्या वेळी मुळीच गाठू नये, तासगावचा केमिस्ट उधारीवर चिडला असेल तर त्याच्यासमोर आधी क्रिकेट काढावं. कुठल्या डॉक्टरांच्या हाताला कुठलं अँटिबायोटिक बसलंय, ते का बसलंय, हे मला झोपेत विचारा. पण ही सगळी पुंजी या भागापुरती. बदलीचा एक मेल आला की ती शून्य. आमच्यातल्या एकाला बावन्नाव्या वर्षी सांगलीहून सिलिगुडीला बदली दिली. तिथे त्याला भाषा येत नाही, डॉक्टर माहीत नाहीत, बायकोची नोकरी इकडे. कंपनीला तो सिलिगुडीत नकोच होता, तो राजीनामा देईल एवढंच हवं होतं. त्याने दिला. आता एका स्टॉकिस्टच्या, म्हणजे औषधांच्या घाऊक विक्रेत्याच्या, गोडाऊनमध्ये बिलं करतो.

बाबा, तुम्ही विचाराल, युनियन काय करते? तुम्ही 1977 च्या संपात 54 दिवस घरी बसलेला माणूस, तुमचा हा प्रश्न येणारच. युनियन आहे, मी वर्गणी भरतो, मोर्चालाही जातो. आमच्यासाठी 1976 चा वेगळा कायदा होता, त्यात नेमणूकपत्र, रजा वगैरे होतं. पण 1994 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येत मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह हा कामगार बसत नाही. म्हणजे मी लागण्याच्या दोन वर्षं आधीच हा निकाल लागलेला होता, आणि मला तो कितीतरी वर्षांनी, त्या सिलिगुडीवाल्याच्या भानगडीत कळला. आता 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत कामगाराच्या व्याख्येत आमचा उल्लेख आलाय. चांगलं झालं. ओंकारच्या पिढीला त्याचा उपयोग झाला तर होईल.

लोकांना वाटतं एमआरला पश्चात्ताप कसला, तर हांजीहांजी करण्याचा. त्याचं मला फारसं काही नाही. हांजीहांजी कुठल्या नोकरीत नाही? दवाखान्याच्या बाकावर दोन-दोन तास बसणंही अंगवळणी पडतं. मागच्या महिन्यात एका नव्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेलो. डॉक्टर आपल्या ओंकारपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठे असतील. मी टॅब उघडला, पेन काढलं (टॅबवर पेनाचं काम नाही, पण पेनाशिवाय माझ्या तोंडातून वाक्य निघत नाही), आणि सुरुवात करतोय तोवर ते म्हणाले, "काका, नुसतं नाव सांगा ब्रँडचं, पेशंट थांबलेत." अगदी सभ्यपणे म्हणाले. मी नाव सांगितलं, सॅम्पल ठेवलं, बाहेर आलो. बाहेरच्या चार एमआर पोरांनी माझ्यासाठी बाकावर जागा केली. कॉल, म्हणजे ही भेट, तशी चांगली झाली, औषध सुरूही झालं. तरी त्या "काका"वर मी मिरजेपर्यंत गाडी चालवत विचार करत होतो.

मला जे खरोखर सलतं ते वेगळं आहे. मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी. तुम्ही मला पिरिऑडिक टेबल जेवताना पाठ करून घ्यायचात. 10 मार्च 2016 ला केंद्र सरकारने 344 मिश्र औषधांवर एका फटक्यात बंदी घातली. दोन-तीन औषधं एका गोळीत किंवा एका सिरपमध्ये घातलेली, त्यांना फिक्स्ड डोस म्हणतात. कारण दिलं होतं की या मिश्रणांना उपचाराच्या दृष्टीने आधार नाही, धोकाही असू शकतो. कंपन्या कोर्टात गेल्या, स्थगिती आली, पुन्हा समिती बसली आणि सप्टेंबर 2018 मध्ये 328 औषधांवर बंदी आली. मी ज्यांचं वर्षानुवर्षं डिटेलिंग केलं होतं, म्हणजे डॉक्टरांपुढे गुणगान गायलं होतं, अशी दोन त्या पहिल्या यादीत होती. त्यातल्या एकाचं वाक्य मला आजही तोंडपाठ आहे, चालीसकट. त्या आठवड्यात आमच्याकडे फक्त एकच चर्चा, स्टॉकिस्टकडचा माल परत कसा घ्यायचा आणि टार्गेट कुठून भरून काढायचं. ज्या मिश्रणाबद्दल मी डॉक्टरांना "सर, डबल अ‍ॅक्शन" म्हणून सांगत होतो, त्याला आधार काय हे मी एकदाही शोधून वाचलं नव्हतं. मला वाचता आलं असतं, बी.एस्सी.ला मी त्याच विषयात पहिला आलो होतो. कंपनीने छापलं ते बोललो. अभ्यास कधी सुटला ते लक्षातही आलं नाही. माझ्याबरोबरच्या जुन्या लोकांना एकेकटं गाठून विचारा, टार्गेटचं रडगाणं संपलं की सगळे याच ठिकाणी येऊन थांबतात.

आणि दिवाळीचे ते खोके. आई, तुला आठवतं, पुढच्या खोलीत थप्पी लागलेली असायची, तू शेजारच्या काकूंना कौतुकाने दाखवायचीस. डिनर सेट, सुटकेस, मिक्सर. मेडिकल कौन्सिलने 2009 मध्येच डॉक्टरांना भेटवस्तू घ्यायला मनाई केली होती, तरी खोके येत राहिले, फक्त वरची चिठ्ठी बदलली. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असल्या खर्चावर कंपनीला आयकरात सूट मागता येणार नाही. 12 मार्च 2024 ला नवी आचारसंहिता आली, तिच्यात भेटवस्तू बंद, सहली बंद, सॅम्पलसुद्धा एका डॉक्टरला एका औषधाची वर्षाला बारा पाकिटं, त्याच्यावर नाही. ठीक आहे. पण ते खोके डॉक्टरांच्या घरी पोचवले कुणी? मी. मोटारसायकलला मागे बांधून. डॉक्टरांची नावं इथे लिहीत नाही. काहींनी ते दारातूनच परत पाठवले, त्यांना मी आजही वाकून नमस्कार करतो.

महिनाअखेरीचं तुम्हाला माहीत नाही. 28 तारखेपासून क्लोजिंग, म्हणजे महिन्याचं विक्रीचं टार्गेट पुरं करायची घाई. साहेबाचा फोन, दर दोन तासांनी. स्टॉकिस्टच्या हातापाया पडून माल उचलायला लावायचा, तो तीन महिने पडून राहतो, मग एक्सपायरी होऊन माझ्याच डोक्यावर परत. शोभाच्या साखरपुड्याला मी उशिरा पोचलो ते एसटी चुकली म्हणून सांगितलं होतं. ती 30 तारीख होती, एवढंच सांगतो.

मला प्रमोशन का घेतलं नाहीस, असं तुम्ही एकदा विचारलं होतं. घेणाऱ्यांची अवस्था पाहिली म्हणून. एरिया मॅनेजर झाला की युनियन सुटते, आणि आपल्याला जे फोन येत होते तेच फोन आपण खालच्या पोरांना करायचे. माझा एक बॅचमेट रिजनल मॅनेजरपर्यंत गेला. कंपनीने दोन डिव्हिजन एकत्र केल्या त्या वर्षी त्याला एका हॉटेलात बोलावून चहा पाजला आणि लॅपटॉप ठेवून घेतला.

आता पेन्शनचं. तुमच्याशी मी कधी हिशेब केला नाही, आता करतो. ईपीएस-95, म्हणजे पीएफबरोबरची आमची पेन्शन योजना, तिचं सूत्र असं, पेन्शनयोग्य पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले सत्तर. पगार कितीही असो, मर्यादा पंधरा हजार, आणि सप्टेंबर 2014 च्या आधीच्या वर्षांना साडेसहा हजारच धरतात. अठ्ठावन्नाव्या वर्षी मला महिन्याला सहा हजारांच्या आसपास मिळतील. त्याला महागाई भत्ता नाही. तुमच्या पेन्शनचा पाव हिस्सा तरी भरेल का, शंकाच आहे. तो बी.एड.चा फॉर्म भरून 2005 च्या नोव्हेंबरच्या आत कुठे अनुदानित शाळेत चिकटलो असतो तर जुनी पेन्शन लागू झाली असती. हे मी तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. फॉर्म कपाटात टाकला तुम्ही, पण कपाटाला कुलूप नव्हतं. तिशीपर्यंत निघता आलं असतं. दरवर्षी इन्क्रिमेंट येत गेलं, मिरजेच्या फ्लॅटचा हप्ता सुरू झाला आणि मी "पुढच्या वर्षी बघू" म्हणत राहिलो.

वाईटच तेवढं लिहिलं तर तेही खोटं होईल. शोभाचं लग्न याच पगारात झालं. बाबा, तुमची अँजिओप्लास्टी झाली त्या रात्री मी गेटवरून तीन फोन केले आणि कार्डिओलॉजिस्ट स्वतः खाली आले. ते माझ्या औषधासाठी आले नव्हते, माझ्यासाठी आले होते. खेड्यातले कितीतरी डॉक्टर मला आजही फोन करून विचारतात, अमुक गोळी बाजारात आहे का, स्वस्तातली कुठली. करोनात दवाखान्यांची दारं आम्हाला बंद होती तेव्हा अशाच एकाने मला फोन करून विचारलं, घरात सगळे बरे आहेत ना. ही माणसं मला दुसऱ्या कुठल्या नोकरीत भेटली नसती.

तर ओंकारचं. त्याला म्हणावं, आधी जीपॅटचा, म्हणजे एम.फार्म.च्या प्रवेश परीक्षेचा, अभ्यास कर. पास होऊन एम.फार्म.ला मान्यताप्राप्त कॉलेजात गेलास तर महिन्याला 12,400 रुपये विद्यावृत्ती मिळते, घरावर ओझं नाही. औषध निरीक्षकाच्या जागा एमपीएससीतून निघतात, त्यांवर लक्ष ठेव. कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला लागलास तर पगार सुरुवातीला माझ्यापेक्षा कमी दिसेल, पण जे शिकशील ते तुझं, बदलीने पुसलं जाणार नाही. आणि एवढं सांगूनही त्याला फिल्डच हवं असेल, काही पोरांना गाडीवर फिरायचीच हौस असते, मला होती, तर मी शब्द टाकीन. त्याच्याकडून दोन गोष्टी कबूल करून घेईन. तिशीच्या आत बाहेर पडायचं, आणि कंपनीने छापलेलं बोलण्याआधी त्याच्या मागचा संशोधनाचा पेपर वाचायचा.

परीक्षा संपली की त्याला चार दिवस माझ्याकडे पाठवा. गुरुवारी जतला घेऊन जातो, बाकावर माझ्याशेजारी बसू दे. माझ्या पत्रापेक्षा त्याला तिथे जास्त कळेल. शोभाला मात्र हे पत्र दाखवू नका, ती साखरपुड्याचं वाचून रडत बसेल.

आई, थायरॉइडची गोळी सकाळी रिकाम्या पोटीच घे, चहा अर्ध्या-एक तासाने. कॅल्शियमची तिच्याबरोबर घेऊ नकोस, मध्ये चार तास जाऊ देत, म्हणजे दुपारी जेवल्यावर घे. तू दोन्ही एकदम घेतेस असं बाबा म्हणत होते. नवीन पाकिटं येत्या रविवारी येताना आणतो, दुकानातून घेऊ नका.

तुमचा,
संजू