आई-बाबा, अर्धा एकर तरी ठेवा

प्रिय आई आणि बाबा,

सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, विहिरीजवळचा द्राक्षांचा प्लॉट या खरडीला, म्हणजे एप्रिलच्या छाटणीला, काढूनच टाकू, मांडवाचे अँगल-तारा विकू आणि तिथे मका करू, कारण नव्या व्हरायट्या, नवे कागद, नवे नियम हे आता माझ्याच्यानं होणार नाही, शिकायचं वय गेलं. माझी शिफ्ट चालू होणार होती म्हणून फोन ठेवला, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून एवढं मोठं लिहितेय. आई, तू बाबांना वाचून दाखव, त्यांना मोबाईलवर बारीक अक्षर दिसत नाही.

आधी एक सांगते, बाग काढायला माझी काही ना नाही. थॉम्पसनची वेल जुनी झालीये, दरवर्षी घड जिरतायत, अवकाळीने तर पार वाट लावली. मका टाका नाहीतर काही टाका, तुमचं रान आहे. माझी हरकत फक्त त्या "वय गेलं"ला आहे, कारण बाबा, तुमच्याइतकं शिकलेला माणूस मी इकडे युरोपात आमच्या ऑफिसातही बघितलेला नाही.

२०१० चं साल आठवा. युरोपातल्या लॅबना आपल्या द्राक्षात सीसीसी या वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले आणि रॉटरडॅम, हॅम्बुर्गला गेलेला माल अडकला. सगळा जिल्हा खरडीनंतर फुटीचा जोम कमी व्हावा, काडीत घड तयार व्हावा म्हणून ते मारायचा, आणि आपल्याकडे तपासायच्या औषधांच्या यादीत ते नव्हतंच, म्हणजे रिपोर्ट स्वच्छ आणि माल मात्र तिकडे नापास. किती जणांनी तेव्हा एक्स्पोर्टचा नाद सोडला, लोकल बरं म्हणाले, आणि त्यात त्यांचं काही चूक नव्हतं, पैसेच एवढे बुडाले होते. तुम्ही मात्र पुण्याजवळ मांजरी गावाला द्राक्ष संशोधन केंद्रात जाऊन बसलात आणि येताना पाठकोऱ्या कागदांवर औषधांची नावं देवनागरीत लिहून आणलीत. जोम औषधाशिवाय कसा आवरायचा, तर पाणी कुठे तोडायचं, नत्र किती कमी करायचं, शेंडा कितव्या पानावर मारायचा, सबकेन, म्हणजे शेंडा मारून बगलफुटीची काडी, कधी करायची, हे सगळं तुम्ही तेव्हा नव्याने बसवलंत. मी तेव्हा कॉलेजात होते, एमआरएल म्हणजे मालात औषधाचा जास्तीत जास्त किती अंश चालतो ती मर्यादा, हे मला तुमच्याकडून कळलं, पुस्तकात नंतर आलं.

आणि आई, तुझी वही. मी इकडे ज्यांच्याबरोबर काम करते त्यांना मी त्या वहीबद्दल सांगितलंय. नववी शिकलेली तू, पण तारीख, प्लॉट, औषध, डोस, किती लिटरचं टाकं, कोणी मारलं आणि शेवटच्या रकान्यात पीएचआय, म्हणजे फवारल्यावर किती दिवस माल तोडायचा नाही, एक दिवस सुटलेला नाही. ग्लोबलगॅपचा, म्हणजे एक्स्पोर्टला लागणाऱ्या शेतीच्या सर्टिफिकेटचा ऑडिटर आला तेव्हा त्याने रिकाम्या बाटल्यांचं विचारलं, तर तू त्याला मागे घेऊन गेलीस आणि तीनदा धुवून भोक पाडलेल्या बाटल्या कुलपातल्या खोलीत दाखवल्यास. लेबलवरचं बारीक इंग्रजी तू अक्षर-अक्षर जुळवत शिकलीस, पीएचआय दहा दिवसांचा आणि तोडणी आठ दिवसांवर असेल तर औषध परत कपाटात ठेवायला लावायचीस, बाबा चिडले तरी. ग्रेपनेटवर, म्हणजे एक्स्पोर्टच्या बागांच्या सरकारी ऑनलाइन यादीवर, नोंद असलेल्या बागांचा माल कुठल्या प्लॉटचा ते इकडे बसून शोधता येतं, आणि त्या सगळ्याच्या मुळाशी अशा वह्या असतात, हे मला रोज दिसतं.

आता इकडे काय चाललंय ते सांगते, म्हणजे मी उगाच का मागे लागलेय ते कळेल. द्राक्षांचा कंटेनर उघडला की मी आधी देठ बघते, हिरवा की तपकिरी, मग मणी दोन बोटात दाबून, मग रिफ्रॅक्टोमीटरवर साखर. २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर बोटी आफ्रिकेला वळसा घालून यायला लागल्या, दहा-पंधरा दिवस जास्त, आणि त्या दहा-पंधरा दिवसांत थॉम्पसनचा देठ सुकतो, मणी मऊ पडतो. त्याच वेळी शेजारच्या पॅलेटवर पेरू देशाचा किंवा दक्षिण आफ्रिकेचा माल असतो, मोठा मणी, चावला की कडक आवाज. इथल्या सुपरमार्केटवाल्याला तेच हवंय. पेरूत तर वाळवंटात ठिबकवर बागा उभ्या केल्यात आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत ते कुठल्या कुठे गेले.

तुमचं म्हणणं मला माहितीये, मोठ्या मण्याच्या या नव्या व्हरायट्या पेटंटच्या, रॉयल्टी द्यायची, काडी शेजाऱ्याला द्यायची नाही, माल ठरलेल्या माणसालाच द्यायचा. हे मलाही टोचतं. आपल्याकडे काडी कोणी कोणाला नाही म्हणालंय का कधी? तास-ए-गणेश ही जात तासगाव भागातून आली, सोनाका सोलापूरच्या नान्नजची, आणि ती काय कुठल्या लॅबमधून नाही आली, थॉम्पसनच्याच बागेत एका वेलीवर मणी वेगळे लांब दिसले, ते शेतकऱ्याच्या नजरेने हेरले, काडी वेगळी लावून बघितली. तशा काड्या गावोगाव फिरल्या म्हणून आपण इथवर आलो. तेव्हा रॉयल्टीवरून तुम्ही चिडलात तर मी तुमच्या बाजूने आहे, आणि करार वाचल्याशिवाय सही करू नका हेही सांगते, पण न बघताच सोडून द्यायला मी तयार नाही. शिवाय मांजरीच्या केंद्राच्याही स्वतःच्या जाती आहेत, त्यांनाही विचारता येईल.

यात खरं अवघड काय आहे सांगू? ते नवीन शिकणं नाही, जुनं हाताला लागलेलं थांबवणं आहे. थॉम्पसनला मणी फुगवायला जीएचं, म्हणजे जिबरेलिक ॲसिडचं डिपिंग, घड द्रावणात बुडवायचे, पुन्हा डिपिंग, ते तुम्हाला झोपेतही येईल, आणि या नव्या जातींत मणी मुळातच मोठा, जीए अगदी थोडं नाहीतर नाहीच, जास्त दिलं तर उलट नुकसान. म्हणजे मग एका बाजूला मजूर वाचतात, तुमच्या गुडघ्यांनाही बरं, पण प्लॉटमध्ये जाऊन काहीच न करता परत यायचं हे तुम्हाला जड जाणार आहे. मला वाटतं तुम्हाला जमेल, कारण सीसीसी सोडलंत तेव्हा हेच केलं होतं.

मी आठवड्यातून दोन संध्याकाळी डच शिकायला जाते ते तुम्हाला सांगितलंय. वर्गात सीरियाचे काका आहेत, साठीच्या पुढचे, तिकडे दातांचे डॉक्टर होते, आता इथली परीक्षा द्यायचीये म्हणून पहिल्या बाकावर बसतात आणि सगळ्यात जास्त प्रश्न तेच विचारतात. आमचा गोडाऊनचा सुपरवायझरसुद्धा पन्नाशीनंतर नवीन सॉफ्टवेअर शिकला. इकडे कोणी त्याला वयाचं बोलत नाही, कामाचाच भाग धरतात. पण मला त्यांच्यापेक्षा तुमचीच आठवण येते त्या वर्गात, कारण ऐंशी-नव्वद किलोमीटर एसटीने जाऊन चर्चासत्रात पुढच्या खुर्चीवर बसणारा माणूस मी लहानपणापासून बघितलाय.

तर माझं म्हणणं एवढंच की जुनी वेल सगळी काढा, पण अर्ध्या एकराचा मांडव नव्या जातीसाठी ठेवा. खांद्यावर पंप घ्यायला मी सांगत नाहीये, फवारणी ट्रॅक्टरवर, छाटणीला टोळी, तुम्ही फक्त बघायचं आणि आईने लिहायचं. पैसे मी घालते, त्यावर वाद नको. आधी विहिरीच्या पाण्याचा आणि मातीचा रिपोर्ट काढा, गेल्या उन्हाळ्यात क्षार वाढले होते म्हणालात, त्यावर खुंट, म्हणजे कलमाखालचं मूळ झाड, कुठला घ्यायचा ते ठरेल, डॉगरिजच की दुसरा. मग ज्यांनी आपल्या भागात नवीन जात लावलीये त्यांच्याकडे तोडणीच्या वेळी जा, बांधावरून नाही, आत शिरून, आणि हे विचारा: काडीत घड किती टिकला, पावसात मण्याला तडे गेले का, बागेवरच्या प्लास्टिकच्या आच्छादनाचा खर्च किती वर्षात फिटतो, रॉयल्टी झाडावर आहे की किलोवर, आणि करार मोडायचा झाला तर वेलीचं काय. आई, ही उत्तरं तू वहीत लिही आणि पानांचे फोटो मला पाठव. ज्याचं उत्तर तिथे मिळणार नाही ते मी इकडे आयात करणाऱ्यांना विचारते, आमच्याकडे रोज येतात ते.

आईची बीपीची गोळी संपत आली असेल, आणून ठेवा. रविवारी दुपारी तुमच्याकडे चार वाजता फोन करते, तोवर रिपोर्टला नमुना दिलेला असू दे.

तुमची,
ताई